अकरा गिगाबाइट

डिस्क म्हणते, भरले.
मी एकेक फोल्डर मोजते, बेरीज करते,
अकरा गिगाबाइटांचा हिशोब लागत नाही.
बिरिता तोर्शहाउनहून फोनवर हसते:
तुमच्या बेटावर उंदीर फार.

इथे त्वोरोयरीत, धक्क्याच्या टोकाला,
एक खोली, एक हीटर, एक जुना संगणक
आणि अठरा मीटर खोल पाण्यात लोंबणारा कान.
तो ऐकतो ते सगळं तिकडच्या सर्व्हरवर जातं.
इथे नुसता एक रिकामा फोल्डर, नाव 'समुद्र',
त्या रिकामपणावर दूरची डिस्क आणून बसवायची.
एकदा बसली की वाटतं, इथलीच.
मध्ये दोन तासांची बोट आहे
हे फाइल उघडताना कुणाला आठवतं?

हे मला हानुसनं शिकवलं,
एका हातात कॉफी, दुसऱ्या हाताच्या एका बोटानं टाइप करत.
"मऊ जोडलंस, तर सर्व्हर गप्प झाला की
हा थोडा वेळ थांबेल, चूक झाली म्हणेल, मोकळा होईल.
कडक जोडलंस, तर दाराशी बसून राहील.
ओळ येत राहील: उत्तर नाही, अजून प्रयत्न चालू.
चिडू नकोस त्या ओळीवर.
माझा संसार तिच्यावर पंचवीस वर्षं चालला."

पहिल्या आठवड्यात माझ्या प्रत्येक फाइलीपुढे
मालक म्हणून 'कुणीच नाही' असं येई.
इथे मी सर्वेसर्वा;
तिथे माझ्या नंबराचं माणूसच नव्हतं.

आज शेवटी जोडणी सोडवली.
दूरची डिस्क उठून गेली
आणि रिकामा असायला हवा तो फोल्डर
रिकामा नव्हता.
बहात्तर फाइली. तासाला एक.
नऊ वर्षांपूर्वीच्या जानेवारीतले तीन दिवस.

ते तीन दिवस मला ठाऊक आहेत.
वादळात केबल तुटली होती.
वार्षिक तक्त्यात तिथे कोरी जागा
आणि शेऱ्यात: केंद्रचालकाचं दुर्लक्ष.
हानुसनं त्यावर कधी चकार शब्द काढला नाही.

वीज गेली असेल, आली असेल.
संगणक उठला, सर्व्हर सापडेना,
रेकॉर्डरला मात्र 'समुद्र' नावाची जागा दिसली
आणि तो बिचारा लिहीत सुटला.
मग केबल जोडली गेली, दूरची डिस्क परत येऊन
त्या तीन दिवसांवर बसली.
पुसलं काहीच गेलं नाही. फक्त दिसेनासं झालं.
फोल्डरनं पोटात ठेवलं.

हेडफोन लावते.
गोटे घासतात, पाणी धक्क्याला धडकतं,
मध्येच एखादी साखळी कण्हते.
आणि मग
ठक. ठक. ठक.
लोखंडावर लोखंड.
सहा तासांनी पुन्हा. पुन्हा सहा तासांनी. रात्रीसुद्धा.

मला कळायला दोन कप कॉफी लागली.
नेटवर्क नाही, म्हणजे संगणकाला वेळ सांगणारं कुणी नाही,
घड्याळ आपलं आपलं घसरत जाणार.
म्हणून हा माणूस त्या वाऱ्यात
मनगटावरचं घड्याळ बघत धक्क्याच्या टोकापर्यंत गेला
आणि पाण्यात उतरणाऱ्या नळीवर पान्यानं
वेळ ठोकून आला.
बारा वेळा.

वृद्धाश्रमात फोन लावला.
सगळं ऐकून घेतलं त्यानं.
"घड्याळ किती मागे पडलं होतं?"
शेवटी सहा सेकंद, मी म्हटलं.
"सहा." जरा थांबला. "मला वाटलं होतं आठ."
मग म्हणाला, जेवायला बोलावताहेत.

बिरिताला बहात्तर फाइली पाठवल्या, शेरा बदलायला सांगितलं.
ती म्हणाली, पुन्हा जोडण्याआधी तो फोल्डर कुलूपबंद कर,
नियमच आहे, म्हणजे खाली काही सांडणार नाही.
नियम बरोबर आहे.
कुलूप असतं तर हे तीन दिवस
कुठेच सांडले नसते.

कुलूप घातलं नाही.
रिकाम्या फोल्डरात एक छोटी फाइल ठेवली,
जोडणी तुटली तरच दिसेल अशी:
पाना दाराच्या डावीकडे, खिळ्याला टांगला आहे.

मग दूरची डिस्क बसवली. कडक.